मानाची सवाष्ण

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. एक गोष्ट राहिली आहे. बहिणीला सांगितली नाही, पोटच्या मुलीला सांगितली नाही, देवापुढं बसले तरी तेवढी सोडून बाकीचं बोलते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे — का, ते मला विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं पुरे आहे.

मी एका कॉलेजात इतिहास शिकवते. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण गाव एवढंसं की नाव लिहिलं तर खाली सही केल्यासारखंच होईल. दुसऱ्यांच्या चुका वर्गात खड्या आवाजात सांगायच्या, त्याचाच मी पगार घेते. आणि स्वतःचं सांगायची पाळी आली तर बघा कशी अडखळते आहे. कुठून सुरू करू?

शर्टापासून करते.

माझ्या घराच्या गच्चीवर एक दोरी आहे. त्या दोरीवर माझ्या साड्यांच्या शेजारी पुरुषाचा एक शर्ट वाळत असतो. निळ्या चौकटीचा. तो कुणी घालत नाही. मी तो धुते, पिळते, झटकून वाळत घालते, उन्हं कलली की घडी करून आत ठेवते. विटला की परभणीला जाऊन दुसरा आणते. परभणीला अशासाठी, की इथला दुकानदार घरातल्यासारख्या चौकशा करतो. परभणीचा फक्त माप विचारतो. मी काहीतरी सांगते. आता साहेबांना कुठलं माप लागतं, मला काय माहीत? सुटलं असेल पोट.

आता कळलं असेल तुम्हाला. माझी मुलगी केतकी पहिलीत होती तेव्हा माझा नवरा नोकरीसाठी हैदराबादला गेला. आधी महिन्याच्या महिन्याला यायचा, मग सणावाराला, मग नाही. तिकडं त्याचं दुसरं घर झालं आहे, त्या घरात बाई आहे, हे मला त्याच्या भावानं मान खाली घालून सांगितलं. भांडण झालं नाही. सोडचिठ्ठी झाली नाही. नुसतं यायचं थांबलं. त्याच सुमारास मला या कॉलेजात नोकरी लागली. खोल्या बघायला गेले तर घरमालकीण काकूंनी पायरीवरच विचारलं, "साहेब?" मी म्हणाले, "हैदराबादला असतात." खोटं कुठं होतं? होताच की तो तिथं. काकूंचा चेहरा सैल झाला, किल्ली माझ्या हातात आली. त्या एका वाक्यावर मी आजवर राहते आहे.

वाक्य लहान असलं तरी त्याला सांभाळावं लागतं, तान्ह्या पोरासारखं. दिवाळीत आम्ही मायलेकी 'हैदराबादला' जायचो. गाडी हैदराबादचीच असायची, आम्ही फक्त नांदेडला बहिणीकडं उतरायचो. परत येताना नांदेडच्या बाजारातून बांगड्या आणायच्या आणि हैदराबादच्या म्हणून काकूंना द्यायच्या. केतकीला मी शिकवलं होतं — कुणी विचारलं तर पप्पा हैदराबादला, कंपनीत, सुट्टी मिळत नाही. हुशार पोर, एकदाच सांगावं लागलं. आता ती पुण्याला नोकरी करते. घरी आली की गच्चीवरून मोठ्यानं हाक मारते, "मम्मी, पप्पांचा शर्ट काढू का गं?" शेजारच्यांच्या कानासाठी. आता मी तिला असं करायला सांगत नाही, तिच्या ते अंगवळणी पडलं आहे. जिला खरं माहीत आहे ती माझी बहीण हे निघालं की विषय बदलते.

पण जे सांगायला बसले, ते हे नाही. हे फक्त मी ज्यात कोंडले गेले ते घर. कडी मीच आतून लावलेली, आणि आता ती मलाच निघत नाही. तुम्ही म्हणाल, बिचारी. थांबा. एवढ्यात म्हणू नका.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांनी एक वर्ग काढायचं ठरवलं. 'एकल पालकांसाठी कुटुंब साक्षरता वर्ग' — नाव त्यांचंच. ज्या गरीब बाया एकट्यानं लेकरं वाढवतात, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं सोडलेल्या, त्यांना कॉलेजात बोलवायचं. पहिला तास आयांचा, दुसऱ्या तासाला लेकरू आईच्या शेजारी आणि दोघांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं. कल्पना चांगली होती, आजही आहे. समन्वयक म्हणून त्यांनी मला नेमलं. म्हणाले, "मॅडम, तुमचा संसार भरलेला. तुमच्याकडं बघून त्या बायकांना धीर येईल."

मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार होते? नकाराला कारण द्यावं लागतं.

आमच्याकडं बैठक म्हणजे आधी चहा, मग विषय, मग विषय बाजूला ठेवून पुन्हा चहा. पण समाजशास्त्राचे कांबळे सर होते बरोबर. त्यांनी हट्ट धरला की ज्यांच्यासाठी वर्ग काढायचा त्यांच्यातल्या दोन-चार जणींना बैठकीला बोलवा, त्यांना काय हवं ते त्यांच्या तोंडून ऐका. आलेल्यांत रुक्मिण होती. वालूरची. तिशीच्या आतबाहेरची, उंच, बोलायला फटकळ. नवऱ्यानं टाकलेली — आपल्याकडं असंच म्हणतात, अडगळ टाकावी तसं. तो दुसरी करून मुंबईकडं निघून गेला होता. ही रोजानं खुरपायला, कापूस वेचायला जायची आणि पहिलीतल्या लेकीला, पायलला, वाढवायची. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, कारण सोडचिठ्ठी झालेली नव्हती. माझीही झालेली नाही. मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय? मला वाचता येत होतं. आणि खोटं बोलता येत होतं.

प्राचार्यांनी तिला विचारलं, वर्गात तुम्हाला काय शिकायचं आहे? त्यांना वाटलं असेल, सही म्हणेल, हिशेब म्हणेल. ती म्हणाली, "पोरगी पुस्तक घिऊन बसती. बोट फिरवती, काहीबाही म्हणती. मी आपली हूं हूं करते. ती वाचल्यागत करायलीय, मी ऐकल्यागत करायलेय. दोघीबी एकमेकीला फसवायलोत. असं किती दिस चालायचं?"

सगळे हसले. मीही हसले. हसताना मला माझ्या घरातल्या दोघी दिसल्या, पण मी कपातला चहा ढवळत राहिले.

वर्गाचा दिवसही तिनंच सुचवला. आम्ही रविवार म्हणत होतो. ती म्हणाली, बाजारच्या दिवशी ठेवा. बाजाराला निघालेल्या बाईला कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नाही, पिशवीत पुस्तक आहे का मिरच्या तेही बघत नाही. ठरलं. मग जाता जाता, पदर सावरत ती आणखी एक बोलली.

"शिकवणाऱ्यात एक तरी आमच्यासारखी ठेवा. नवरा नसल्याली. तिच्यापुढं चुकलं तरी लाज वाटत न्हाई. न्हाईतर तुमी शिकवताल आन आमी नुसती मान हलवूत."

प्राचार्य माझ्याकडं वळले. स्टाफमधल्या बायकांची घरची खबर मलाच असते ना. म्हणाले, "काय हो मॅडम, आहे का आपल्याकडं तशी कुणी?"

किती सोपं होतं! 'मी आहे, सर.' पुढं काही स्पष्टीकरण लागलं नसतं. कांबळे सर असे होते की त्यांनी तोच विषय पुढं नेला असता, जसं काही घडलंच नाही. रुक्मिण माझ्याकडं बघत होती. तिला काही संशय होता असं नाही, उत्तराची वाट बघत होती एवढंच. माझ्या जिभेवर आलं होतं — हे मी शपथेवर सांगते, आणि माझ्या शपथेची किंमत काय ते तुम्हाला आता माहीत आहे. मी म्हणाले, "नाही सर. आपल्याकडं तशी कुणी नाही."

तशी. हा शब्द मी ज्या सुरात म्हटला तो सूर माझ्या सासूचा होता.

तरीही हे ते नाही. याला भित्रेपणा म्हणता येईल. भित्र्या माणसाची लोक फार तर कीव करतात. जे केलं ते पुढं आहे. मी उगाच लांबवते आहे, मला समजतं.

वर्ग जानेवारीत सुरू व्हायचा होता. संक्रांत झालेली, घरोघरी हळदी-कुंकू चाललेलं. पुढच्या बैठकीला प्राचार्यांच्या पत्नी आल्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. गावातलं महिला मंडळ त्याच चालवतात. बाई मनानं वाईट नाहीत. त्यांना एकदम सुचलं की उद्घाटन हळदी-कुंकवानं करू या. बायका हळदी-कुंकवाला हमखास येतात, आणि यंदा वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा पाट्या लुटू. पाटी आणि पेन्सिल! प्राचार्यांनी टेबलावर थाप मारली. फोटो छान येणार होते. खरं सांगते, मलाही क्षणभर आवडलं.

कांबळे सर म्हणाले, "अहो, पण नवरा नसलेल्या बायांचा वर्ग आणि सुरुवात हळदी-कुंकवानं? आमच्या घरात तर हा प्रकारच नाही. साधी पाटी हातात द्या, झालं."

त्यांचं बरोबर होतं. तिथं बसलेल्यांत ते किती बरोबर आहे हे माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. हळदी-कुंकवाची रीत तुम्हाला ठाऊक आहे: बाईच्या कपाळाला कुंकू लागतं, मग तिच्या हातात वाण पडतं. कुंकू नाही तर वाण नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणजे आता पाटीही कुंकवाच्या मागून येणार होती. मी बोलायला हवं होतं. मी बोललेही. म्हणाले, "सर, तुम्हाला कळायचं नाही. बायकांना आवडतं हे."

का म्हणाले असेन? ज्या बाईला हळदी-कुंकू खटकतं, तिला ते का खटकतं याचा लोक विचार करायला लागतात. माझ्याबद्दल कुणी विचार करायला नको होता.

मग विधवांचं काय करायचं, तेही मीच ठरवलं. त्यांना मागच्या ओळीत बसवायचं, त्यांच्या पाट्या पुढच्या बाजारी वर्गात द्यायच्या. समन्वयक होते ना. सतरंज्या कुठं, ताटं कुठं, कुणी कुठं बसायचं — सगळी आखणी माझी. त्या दिवशी दारात उभी राहून मी एकेका विधवेला मागं नेत होते आणि म्हणत होते, "इकडं बसा मावशी, तिकडं वारा लागतो." जानेवारीतला वारा, बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये. त्या मागं जात होत्या. त्यांना वारा कुठून येतो ते माहीत होतं.

रुक्मिण सकाळच्या एसटीनं आली. एकटी नाही, वालूरच्या सात-आठ जणींना घेऊन. दारोदार फिरून तिनंच त्यांना तयार केलं होतं. धुतलेल्या साड्या, लेकरांच्या केसांना चापून तेल. पायलच्या वेण्यांना लाल रिबिनी होत्या. रुक्मिणच्या कपाळाला कुंकू बघून मी तिला काही म्हटलं नाही, आणि ती जाऊन सरळ पुढच्या ओळीत बसली, लेकीला मांडीशी घेऊन. माझ्यापासून हातभर अंतरावर.

वहिनींनी पहिलं कुंकू मला लावलं. "मॅडम आमच्या मानाच्या सवाष्ण," असं माइकवर म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. माझी ओटी भरली — बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, तिळगूळ. आणि पाटी. त्या हॉलमध्ये जिला पाटीची सगळ्यांत कमी गरज होती तिला पहिली पाटी. मग बायकांनी गलका केला, नाव घ्या, नाव घ्या. मी लाजले. लाजायलाही मला येतं. आणि मी नाव घेतलं:

"पाटीवरती पेन्सिल, अक्षर येतं छान, सुधाकररावांचं नाव घेते, संक्रांतीचं वाण."

रुक्मिण सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिला फार आवडलं ते. पायलनं टाळ्या पिटल्या.

मग वहिनी ताट घेऊन ओळीनं पुढं सरकल्या आणि रुक्मिणपुढं थांबल्या. बोट करंड्यात बुडवलेलं तसंच. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं — हळूच विचारायचं त्यांच्या मनात असेल, पण त्यांचा आवाज माइकला सरावलेला — "अहो मॅडम, हिला लावायचं का? हिला तर नवरा नांदवत नाही म्हणतात."

मागच्या ओळीतल्याही सगळ्या बघायला लागल्या. नवरा जिवंत आहे, पोत गळ्यात आहे, पण नांदवत नाही. अशी बाई सवाष्ण की नाही? ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं दाराबाहेर थोपवून धरलं होतं, ज्याच्यासाठी शर्ट धुतले, ज्याच्यासाठी नांदेडला उतरले, तो प्रश्न चारचौघांत मोठ्यानं विचारला गेला होता. माझ्याबद्दल नाही, शेजारणीबद्दल. आणि उत्तर माझ्याकडं मागितलं जात होतं. माझं कुंकू अजून ओलं होतं.

रुक्मिणनं मान थोडी पुढं केली होती. कुंकू लावून घेताना करतात तशी. ती तशीच राहिली.

मी म्हणाले, "राहू द्या."

हेच ते.

'लावा' म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. वहिनींनी लावलं असतं आणि पुढं सरकल्या असत्या. समन्वयक मी होते, मानाची मी होते, माझा शब्द त्या दिवशी कुणीही मोडला नसता. मला सक्ती नव्हती. विचार करायला वेळ मिळाला नाही असंही नाही, वेळ होता. मी रुक्मिणकडं पाहिलं, तिची पुढं आलेली मान पाहिली, आणि मग म्हणाले.

आणि म्हटल्यावर मला काय वाटलं, तेही सांगून टाकते. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. प्रश्न आला, कुणाच्या तरी अंगावर पडला आणि मी वाचले. पाटी मांडीवर घेऊन मी पुढच्या बाईकडं बघून हसलेसुद्धा.

रुक्मिणनं मान मागं घेतली. ताट पुढं जायला जागा हवी म्हणून गुडघा आत ओढला. पायल सगळ्यांच्या हातातल्या पाट्या बघत होती. तिनं विचारलं, "माय, आपली पाटी?"

"गप. हाय आपली मागनं," रुक्मिण म्हणाली.

माझ्या मांडीवर एक पाटी होती. हात लांब केला असता तर पायलच्या हातात पडली असती. तेवढं तरी — पण नाही. वाण लगेच दुसऱ्याला देत नाहीत. हे मला तेव्हा आठवलं, बघा!

कांबळे सर दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ते बाहेर निघून गेले. पुढं त्यांची बदली झाली. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

पुढच्या बाजारी वर्ग सुरू झाला. मागच्या ओळीतल्या विधवा आल्या, त्यांना त्यांच्या पाट्या मिळाल्या. रुक्मिण आली नाही. तिच्याबरोबरच्या वालूरच्या बायाही आल्या नाहीत. मी भाजीवालीकडून निरोप धाडला, वर्ग सुरू झाला आहे, ये म्हणावं. उत्तर आलं, कापूस होऊ द्या म्हणाली. कापूस झाला. मी पुन्हा निरोप धाडला. हरभऱ्याची काढणी होऊ द्या म्हणाली. तिनं मला शिवी दिली असती तर मी बसमध्ये बसून वालूरला गेले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. गेले असते का? वालूर काही लांब नाही. तिच्यासाठी ठेवलेली पाटी काही दिवस कपाटात होती. मग एक नवीन बाई आली, तिला ती देऊन टाकली.

वर्ग अजून चालतो. बऱ्याच जणी वाचायला शिकल्या, लेकरांना शेजारी घेऊन वाचतात. बघायला बरं वाटतं. प्राचार्य पाहुण्यांना आवर्जून तो वर्ग दाखवतात. हळदी-कुंकवानं सुरुवात करायची आता पद्धतच पडली आहे. दर संक्रांतीला वहिनी माइक हातात घेतात, पहिलं कुंकू मला लावतात आणि मला नाव घ्यायला लावतात. दर वर्षी नवं रचून नेते. मी रजा टाकावी म्हणते, पण मग विचारतील, मॅडम का नाही आल्या? सगळं ठीक आहे ना घरी? म्हणून जाते. बसते. कपाळ पुढं करते.

आता शेवटचं. हे गेल्या महिन्यातलं आहे.

मी परभणीहून आले होते, पिशवीत नवा शर्ट. एसटी स्टँडवर गर्दी होती. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, वळखलं का?" रुक्मिण होती. वाळली होती, पण हसणं तेच. शेजारी पायल, आईच्या खांद्याला आलेली. मी वळखलं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

समोर एक बस लागली. रुक्मिणनं लेकीला पुढं केलं. "बग गं, आपली हाय का?" पायलनं बसच्या पाटीकडं पाहिलं. ओठ हलवले, हवेत बोट फिरवलं आणि ठसक्यात म्हणाली, "वालूर." रुक्मिण "हूं" म्हणाली, गाठोडं उचललं, आणि मग थांबून माझ्याकडं वळली. लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "वालूरचीच हाय ना, मॅडम?"

बस पाथरीची होती.

मी सांगितलं. रुक्मिणनं गाठोडं खाली ठेवलं. पायलनं मान दुसरीकडं वळवली. आम्ही तिघी उभ्या राहिलो. मग काहीतरी बोलायचं म्हणून, आपुलकीनं — मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, फार शोधला, नव्हता — रुक्मिणनं विचारलं, "साहेब बरे हायेत ना? येतेत का हैदराबादहून?"

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. काकू नव्हत्या, वहिनी नव्हत्या. पिशवीत शर्ट होता. समोर तीच होती, जिनं मला कधी काळी, 'आमच्यासारखी एक ठेवा' म्हणून, नकळत का होईना, माझी जागा देऊ केली होती.

"येतात की," मी म्हणाले. "दिवाळीला आले होते. बरे आहेत."

"असू द्या," ती म्हणाली. "घरात माणूस असला की बरं असतंय, मॅडम."

मग दुसरी बस लागली. मी पाटी वाचली, नीट, दोनदा. म्हणाले, "ही वालूरची." रुक्मिणनं विश्वास ठेवला, पायलला पुढं घातलं आणि चढली. आजवर मी तिच्याशी जे जे बोलले त्यात बसच्या या दोन पाट्या तेवढ्या खऱ्या होत्या.